बोंडअळी बीटीला पुरून उरली, डास का नाही?

नमस्कार मंडळी. विदर्भ-मराठवाड्यात बीटी म्हटलं की कपाशी. बीटी हा मातीतला एक जिवाणू. त्याचं कीड मारणारं आधी एक जनुक कपाशीत आलं, मग दुसरं आलं, आणि गुलाबी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली. त्याच बीटीचा एक भाऊबंद डासांच्या अळ्या मारतो. त्याचं नाव बीटीआय. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात, एका आटत्या डबक्यात अळ्या मरून पडल्या होत्या, तिथं तो सापडला. इतकी वर्षं जगभर फवारतायत, पण डास काही त्याला सरावलेले नाहीत.

याचं उत्तर जनुकांत आहे. बीटीआयच्या विषाची जनुकं मुख्य गुणसूत्रावर नसतात, प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात. अन्न संपलं आणि जिवाणू बीजाणू बनवायला लागला, की मगच ती चालू होतात. क्राय४ए, क्राय४बी, क्राय११ए आणि सायट१ए अशी चार मुख्य प्रथिनं मिळून स्फटिक तयार होतो. अळी तो गिळते. तिच्या आतड्यात पीएच १०च्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी, त्यामुळे स्फटिक विरघळतो, तिचेच पाचकरस प्रथिनं छाटून धारदार करतात आणि आतड्याच्या पेशींना भोकं पडतात.

यातला इरसाल गडी म्हणजे सायट१ए. एकटा तो फारसा मारत नाही. पण क्राय प्रथिनांना पेशीवर चिकटायला ठरावीक जागा लागते. ती बदलली की अळी वाचली. सायट१ए मात्र थेट पेशीच्या पटलात घुसतो आणि क्राय११एला चिकटायला स्वतःच जागा देतो. बरं, हा इतका आडदांड की बनवणाऱ्या जिवाणूच्याच जिवावर उठतो! म्हणून त्याच प्लाझ्मिडवर पी२० नावाचं जनुक आहे. त्याचं प्रथिन स्फटिक होईपर्यंत सायटला आवरून धरतं.

कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडच्या विद्यापीठात क्युलेक्स डासांच्या २८ पिढ्यांना नुसतं क्राय११ए दिलं, तर प्रतिकार ९०० पटींच्या वर गेला. चारही विषं एकत्र दिली, तेव्हा जेमतेम ३ पट!

उलट प्रकार कोचीचा. तिथं स्फेरिकस नावाचा दुसरा जिवाणू वापरला होता. त्याची दोन प्रथिनं जोडीनंच काम करतात आणि चिकटायची जागा एकच. १९९०च्या दशकात तिथले क्युलेक्स सरावले. पण गटाराच्या घाण पाण्यात टिकायला स्फेरिकसच भारी. मग रिव्हरसाइडच्या ब्रायन फेडेरिचींच्या गटानं त्याची जनुकं बीटीआयमध्ये घातली आणि ती जोरात चालावीत म्हणून सायट१एचेच प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारे डीएनएचे तुकडे, पुढे जोडले. क्युलेक्सवर हा वाण मूळ बीटीआयपेक्षा कितीतरी पट मारक निघाला.