आधी स्लॅब, मग सोलर

मे महिन्यातलं चंद्रपूर. दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी इथे कोणाला त्याचं फार नवल नसतं, खरा वैताग रात्रीचा. बाहेर जरा बरं वाटायला लागतं आणि घरात पंखा लावला की गरमच हवा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब आता ती गरमी खोलीत सोडत बसलेला असतो. जुन्या कवेलूच्या घरात असं नव्हतं, मातीच्या जाड भिंती, उंच छप्पर, फटींमधून गरम हवा वर निघून जायची. पावसात गळायचं, ते वेगळं!

स्लॅब आले आणि मागोमाग एसी आले. शहराला लागूनच 2920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, विजेच्या एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. एवढं करून आपण काय करतो, तर तापलेला स्लॅब थंड करत बसतो.

म्हणून पहिलं काम गच्चीवर. मार्चमध्ये गच्ची झाडून धुऊन चुन्याचे दोन हात मारायचे, चुना निघू नये म्हणून त्यात थोडा फेविकॉल घालतात, बस. पांढऱ्या रंगावरून बरंचसं ऊन परत फिरतं, स्लॅब कमी तापतो. पावसाळ्यात चुना धुऊन जातो आणि पुढच्या वर्षी परत मारावा लागतो, पण खर्च किरकोळ. कायमचं काम हवं असेल तर चायना मोझॅक, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं.

मग कुलर. त्याला नावं ठेवू नका, विदर्भाच्या कोरड्या हवेत तो मस्त चालतो, दीड टनाच्या एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत. फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, लोक ती बंद करतात आणि मग म्हणतात चिकचिक होते. पाणी मात्र पितो, हे खरंय. मुंबई-कोकणातल्यांनी याच्या नादी लागू नये, तिकडच्या दमट हवेत उपयोग नाही.

पंखा साधा असेल तर 75 वॅट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, असेल तर 30 च्या आसपास. दिवसाला सोळा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात आणि महावितरणच्या बिलात 100 युनिटनंतर दर कसा चढतो ते तुम्हाला माहितीच आहे.

एवढं झालं की सोलर. पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी 2024 मध्ये आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे आणि त्यापुढे कितीही मोठं बसवा, ती वाढत नाही. म्हणजे आधी वापर कमी केला तर 5 ऐवजी 3 मध्ये भागतं, उन्हाच्या दिवशी साधारण बारा युनिट मिळतात, वर पॅनलची सावली स्लॅबला फुकट. सोलरवाला हा हिशोब सांगेलच असं नाही, त्याला 5 विकायचे असतात.

फ्लॅटवाल्यांचं जरा अवघड. गच्ची सोसायटीची, तापतो फक्त वरचा मजला, आणि चुन्याच्या खर्चाचा विषय मीटिंगमध्ये निघाला की खालचे तीन मजले चहा प्यायला उठतात.