टेबलावरचं सरपण

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असू द्या, मध्ये दोन-चार मापं येतील.

कोजागरीला आमच्याकडे गच्चीवर मसाला दूध असतं. एक घडीचं टेबल, त्यावर पातेलं, भोवती मिळतील त्या खुर्च्या, आणि डोक्यावर एलईडीचा पांढरा झोत. चंद्र असतो, पण नावापुरता. काही वर्षांपूर्वी मी ठरवलं, यंदा गच्चीवरचे दिवे बंद. टेबलाच्या मधोमध असं काहीतरी ठेवायचं, की त्याच्या उजेडात समोरच्याचा पेला दिसावा आणि वरचा चंद्रही दिसावा. त्यातून हा ओंडका आला. सालीसकट लाकडाचा एक तुकडा, त्यात तीन भोकं, भोकांत तीन बुटक्या मेणबत्त्या.

याला सेंटरपीस म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्द नाही, कारण जेवायला टेबलच नव्हतं. पंगतीला ताटाभोवती रांगोळी, पुढे समई आणि उदबत्ती, झालं. सासूबाईंनी माझा ओंडका पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे सरपण इथं काहून मांडलं वं?" तेव्हापासून घरात त्याचं नाव सरपण.

एक गोष्ट आधीच बोलून घेते. या सजावटीचे परदेशी फोटो पाहिले की त्यात लाल-पिवळी पानं, भोपळे, पाइनची फळं. त्यांच्या शरदात झाडं पानं टाकतात. आपल्या शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात, नागपूरची झाडं पावसानं धुऊन हिरवीगार असतात. आपली पानगळ येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, पळस फुलतो तेव्हा. म्हणून प्लास्टिकची लाल पानं आणून टेबलावर पसरू नका, एवढी विनंती. आपल्या शरदाकडे स्वतःचं पुष्कळ आहे, त्याकडे येतेच. आधी लाकूड.

लाकडाबाबत मी सपशेल फसले आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार.

आमच्या कॉलनीत जूनच्या वादळात कडुनिंबाची जाड फांदी पडली. तिचा दीड फुटाचा सुबक तुकडा मी उचलून आणला, पावसाळाभर मागच्या खोलीत ठेवला आणि दसऱ्याच्या आठवड्यात सुताराकडे नेला. तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात ते लाकडी बैल तो घडवतो, लाकूड त्याला हाताच्या स्पर्शानं कळतं. त्यानं तुकडा तोलला, टोकावर नख दाबलं आणि म्हणाला, "काकू, हे अजून वल्लं हाये." मी म्हटलं, चार महिने झाले की! त्यानं खांदे उडवले आणि भोकं पाडून दिली. कोजागरी झकास झाली. दिवाळीपर्यंत ओंडका या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला, तिन्ही भोकांच्या बरोबर मधून.

कारण साधं आहे. पावसाळ्यातल्या दमट हवेत लाकूड नीट सुकत नाही. पाऊस गेला, ऑक्टोबरचं कोरडं ऊन आलं, की बाहेरचा थर भराभर वाळून आक्रसतो, आतला मात्र ओलाच असतो. भाकरी थापून ठेवली आणि वरून पाणी लावायचं राहिलं की कडा चिरतात ना, तसंच. त्यात लाकूड सगळीकडे सारखं आक्रसत नाही. खोडाची वलयं ज्या दिशेनं गोल फिरतात त्या दिशेनं ते जवळपास दुप्पट आक्रसतं. गाभ्यापासून सालीकडे जाताना त्याच्या निम्मंच. त्यामुळे गाभ्यासकट अख्खा गोल ओंडका सुकताना कुठेतरी फुटणारच. त्याला दुसरा मार्गच नाही.

म्हणून ओंडका आरा मशीनवर मधून उभा चिरून घ्या, अर्धगोल. गाभ्यातून चिरला की ताण मोकळा होतो, शिवाय एक बाजू आपोआप सपाट मिळते आणि तुकडा टेबलावर डुलत नाही. दोन्ही टोकांना वितळलेलं मेण फासा, कारण पाणी सगळ्यात वेगानं टोकांतूनच निघून जातं. मग सावलीत, वारा खेळता राहील असा ठेवा. गच्चीवर उन्हात मुळीच नाही. किती दिवस? जुना अंदाज असा, की एक इंच जाडीला साधारण एक वर्ष. आपल्या उन्हाळ्यात थोडं लवकर होतं. पण अंदाजावर कशाला राहायचं? स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, दर रविवारी तुकडा त्यावर ठेवा आणि वजन कॅलेंडरवर लिहा. वजन उतरत जाईल. ओळीनं तीन-चार रविवार आकडा हलला नाही, की समजा लाकूड सुकलं. मात्र ही परीक्षा पावसाळ्यात करू नका, तेव्हा आकडा फसवतो.

एवढा धीर नसेल तर जुनं लाकूड घ्या. मला स्वतःला आता तेच जास्त आवडतं. महाल-इतवारीकडचे जुने वाडे उतरतात तेव्हा त्यांच्या सागवानी तुळया, खांब, चौकटी विकायला येतात. हे लाकूड कित्येक उन्हाळे-पावसाळे खाऊन बसलेलं असतं, आता ते काही तडकत नाही. त्यावर खिळ्यांची काळी वर्तुळं, बिजागरीच्या खाचा असतात. त्या घासून काढू नका, त्याच तर हव्यात. पण आत मोडलेला खिळा राहिला नाही ना, हे लोहचुंबक फिरवून पाहा, नाहीतर ड्रिलचं पातं जाईल. जुना तैलरंग असेल तर तो तुकडा सोडून द्या. अशा रंगात शिसं असू शकतं, आणि घासल्यावर त्याची धूळ घरभर होते.

लकडगंजच्या लाकूडबाजारात चौकशी केलीत तर चिरकामातून उरलेले तुकडेही मिळतात. ओंडका चिरताना पहिली फळी निघते ती एका बाजूनं साल असलेली, वेडीवाकडी असते. फर्निचरला निरुपयोगी, आपल्याला सोन्यासारखी. साग सगळ्यात सोपा. बाभूळही छान दिसते, पण बैलगाडीची चाकं जिच्यापासून करायचे ती बाभूळ, सुतार आधी भाव वाढवून सांगतो आणि मग भोक पाडतो.

आणि हो, कुणाच्या दारातली फांदी तोडायला जाऊ नका. शहरातलं झाड तोडायला 1975च्या कायद्यानुसार परवानगी लागते. पेंचला फिरायला गेलात आणि वाटेत सुरेख वाळलेलं खोड दिसलं, तर ते तिथेच राहू द्या. राखीव जंगलातलं पडलेलं लाकूड उचलणंही गुन्हा आहे.

आता मापं. तुकडा 45 सेंटिमीटर लांब, 10 रुंद, 5 ते 6 उंच. मधलं भोक बरोबर मध्यावर, साडेबावीस सेंटिमीटरवर. तिथून दोन्ही बाजूंना 12 सेंटिमीटरवर एकेक. म्हणजे शेजारच्या दोन मेणबत्त्यांच्या कडांमध्ये 8 सेंटिमीटर मोकळे राहतात. यापेक्षा जवळ आणल्यात तर त्या एकमेकींना तापवतात आणि भराभर ओघळतात. अॅल्युमिनियमच्या वाटीतली छोटी मेणबत्ती साधारण 38 मिलिमीटर रुंद आणि 16 उंच असते. म्हणून भोक 40 मिलिमीटरचं, खोली 14. वाटीची कड लाकडाच्या दोन मिलिमीटर वर राहिली पाहिजे. मेणबत्ती खोल बुडवलीत तर ज्योत लाकडाच्या काठाला लागते आणि भोकाचं तोंड काळं पडतं. तरी तुमच्याकडची मेणबत्ती आधी मोजा, मगच सुताराला सांगा. भोक सपाट तळाचं हवं. त्यासाठी ड्रिलचं जे पातं लागतं त्याला फोर्स्टनर बिट म्हणतात, मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पटाशीनंही होतं, वेळ लागतो.

मोकळी झालेली साल हातानं काढून टाका, घट्ट असेल ती ठेवा. वरचा भाग 80 नंबरच्या काचपेपरनं, मग 120नं. पुढे 220ला गेलात तर टेबल होईल, ओंडका राहणार नाही. कुठे थांबायचं हेच यातलं खरं काम आहे. भोकांच्या कडा मात्र बोट फिरवून पाहा, तिथे लाकडाची कूस नको.

वार्निश लावू नका, लाकूड प्लास्टिकसारखं चमकतं. जवसाचं तेल लावा. आपल्या विदर्भात जवस म्हणजे चटणी, पण हेच तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि लाकडावर पातळ थर धरतं. घाणीवरचं खाण्याचं तेल लावलंत तर वाळायला आठवडे जातात. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल दोन-तीन दिवसांत कोरडं होतं. फडक्यानं पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. आता नीट ऐका. ते तेलकट फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नाही. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेनं फडकं आपोआप पेटू शकतं, काडी न लावता. फडकं दोरीवर उलगडून वाळवा, मगच टाका.

आता सजावट. दसऱ्याचं सोनं लुटून झालं की दुसऱ्या दिवशी घराघरात आपट्याच्या पानांचा ढीग असतो. ती एखाद्या जाड वहीत दाबून ठेवा. वाळली तरी जोडपानाचा आकार सोडत नाहीत. बाजारात आपटा म्हणून कांचनाची मोठाली पानं देतात, तीही चालतील, टेबलाला काही फरक कळत नाही. सोबत दोन सीताफळं, मूठभर शिंगाडे, झेंडूच्या पाकळ्या. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री येऊ लागतात, थोडी हिरवट, तीच जास्त शोभतात. फक्त मुलांवर लक्ष ठेवा: संत्र्याची साल ज्योतीजवळ पिळली की तिच्यातलं तेल तडतडत पेटतं. नागपूरच्या प्रत्येक मुलाला हा खेळ माहीत असतो, मलाही होता.

कापसाची बोंडं मात्र नकोत. याच दिवसांत वेचणी सुरू होते, फुटलेलं बोंड ओंडक्यावर इतकं देखणं दिसतं की मोह होतोच. पण कापूस ज्योतीपासून हातभर लांबच बरा. आपट्याची वाळलेली पानंही तुकड्याच्या बुडाशी ठेवा, वर नाही.

वात पाच-सहा मिलिमीटरच ठेवा, लांब असेल तर कापा. लांब वात काजळी धरते. घरात लावणार असाल तर पंखा बंद. आता ऑक्टोबरात नागपुरात पंखा बंद म्हटल्यावर घरातले तुमच्याकडे कसे पाहतील ते मला माहीत आहे, म्हणूनच मी गच्ची म्हणते. मेण भडकलंच तर पाणी ओतू नका, जळतं मेण चहूकडे उडतं. स्टीलचं झाकण उपडं घाला, विझतं. एक मेणबत्ती साधारण चार तास जळते, दूध आटवून, पिऊन, गप्पा संपेपर्यंत पुरते.

सण झाला की वाटी गार होऊ द्या, मग काढा. ओंडका प्लास्टिकच्या पिशवीत न घालता जुन्या सुती साडीत गुंडाळा. पुढच्या पावसाळ्यात एकदा उघडून पाहा. खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर घूण लागली आहे. तो तुकडा घराबाहेर काढा, नाहीतर ती फर्निचरकडे वळेल.

माझा तो पहिला, तडकलेला ओंडका अजून आहे. मेणबत्त्या त्यात आता बसत नाहीत, भोकं लांबट झाली आहेत. मी टाकणार होते, पण सासूबाईंनी तो देवघराच्या बाहेर, उंबऱ्याशी ठेवून घेतला. दसऱ्याला सोनं द्यायला जो पहिला येतो, त्याचं पान त्या तडीत खोचतात. या वर्षी पान खोचलं शेजारच्या पाच वर्षांच्या मुलानं. ते अजून तिथेच आहे, तपकिरी होऊन.

नमस्कार.