बोंब मारणारी कामं आणि गप्प बसलेला थिसिस

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'संशोधक विद्यार्थ्यांसाठी ध्येयनिश्चिती व प्राधान्यक्रम', एवढं भारदस्त मला बोलता येत नाही, पण संयोजकांना तसंच हवं होतं. पीएचडी, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा आणि एमपीएससी असं तिन्ही एकदम चालू असलेले इथे किती जण आहेत? हात वर करू नका, गाईड पुढच्या रांगेत बसलेत.

माझं म्हणणं साधं आहे. आपण महत्त्वाचं काम आधी करत नाही, जे काम बोंब मारतं ते आधी करतो. आणि थिसिस कधी बोंब मारत नाही, तो सहा वर्षं गप्प बसतो.

माझा हॉस्टेलवरचा एक मित्र, इतिहासवाला. विषय एकदम भारी, निजामशाहीतल्या मलिक अंबरच्या नहरी, म्हणजे जमिनीखालचे ते खापराचे नळ, पाणी कसं चढवलं वगैरे, पोरगा दोन तास बोलायचा आणि ऐकावंसं वाटायचं. तेवढ्यात त्याच्या कॉलेजला नॅक लागलं, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन. सात क्रायटेरिया, प्रत्येकाच्या बॉक्स फाईली, आणि टायपिंग येणारा हा एकटा, त्यामुळे याच्याच गळ्यात. मग कुणाच्यातरी लक्षात आलं की वृक्षारोपणाचे फोटो जिओटॅग्ड नाहीत. आता लावलेला कडुनिंब तोवर कमरेपर्यंत आलेला, त्याला रोप म्हणून कसं दाखवणार, मग नर्सरीतून नवं रोप आणलं, शेजारी खड्डा केला, पाहुण्यांना परत बोलावलं, झारी हातात दिली, आणि हा बिचारा उन्हात मोबाईल धरून उभा, कारण फोटोखाली अक्षांश-रेखांश उमटत नव्हते, लोकेशन ऑफ होतं. परत खड्डा, परत झारी! (हसू नका, तुमच्याकडेही होणारे हे.) रात्री रूमवर आला की भिंतीवरच्या टाइमटेबलात 'चॅप्टर दोन' हिरव्या स्केचपेननं पुढच्या आठवड्यात सरकवायचा. बाजूला 'लाइफ गोल्स'चा कागद, त्यात प्रोफेसर, कलेक्टर आणि रोज बारा सूर्यनमस्कार. तो कागद बघून मला काही बोलवायचं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे, मुद्द्याला तर आत्ता येतोय. असो, भराभर सांगतो.

'आयुष्यात काय व्हायचंय' इथून सुरुवात करू नका, पैसे कधी बंद होणार इथून करा. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, तिचे दर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, मग तीच एसआरएफ म्हणजे सीनियर झाली की ४२ हजार, एचआरए वेगळा, पण सगळं मिळून पाच वर्षं. आणि यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं, वर री-रजिस्ट्रेशनची दोन. म्हणजे रजिस्ट्रेशन जिवंत आणि खातं रिकामं, असं एक वर्ष ठरलेलंच आहे. फेलोशिपचा शेवटचा महिना तो तुमचा गोल, तिथून उलटं मोजत या. सबमिशननंतर परीक्षकांचे रिपोर्ट यायला महिनोन् महिने जातात, तेव्हा पूर्ण ड्राफ्ट चौथ्या वर्षातच गाईडच्या टेबलावर पडायला हवा.

दुसरं, जेआरएफ असलेल्यांनी सेटचा फॉर्म कशाला भरायचा? असिस्टंट प्रोफेसरची पात्रता तुमच्याकडे आहेच की. एमपीएससी करायचीच असेल तर पीएचडी सबमिट करून करा नाहीतर सोडून करा, मधल्या सुट्टीत ती होत नाही.

तिसरं, चॅप्टरला बोंब मारायला लावा. दर सेमिस्टरला आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, उभं राहावंच लागतं, तिथे पीपीटी नेऊ नका, लिहिलेली वीस पानं आठवडाभर आधी मेंबरांना पाठवा, म्हणजे लाजेखातर तरी लिहाल. आणि सकाळी डिपार्टमेंटचा फोन यायच्या आत लिहायला बसा, नंतर तुमचा दिवस तुमचा नसतो.

फेलोशिपच नाही अशांचं गणित वेगळं, सीएचबीचे म्हणजे तासिका तत्त्वावरचे तास, उशिरा निघणारी बिलं, घरून येणारे फोन, त्यांना माझी ही तारीख लागू पडत नाही आणि ते काही दोन मिनिटांत सांगून होणारं नाही. संयोजक उभे राहिले. चहाला भेटा, तिथे बोलू.