शिवोलीचा पूल ओलांडताना

(निवेदन)

गोव्यातल्या बांबोळीला व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन मुलगा घरी निघालाय. अंगाने भरलाय, झोप लागते, जेवण जातं. म्हापशाहून सुटलेली बस शिवोलीचा पूल ओलांडते, हरमलचा रस्ता लागतो आणि त्याच्या तळहातांना घाम फुटतो. जवळ गर्द नाही, देणारा समोर नाही. तरी तलफ उठते.

घरचे म्हणतात, "मनावर ताबाच नाही ह्याचा." शेजारी याहून वाईट बोलतात. त्याच्या मेंदूत त्या क्षणी काय चाललंय, ते मात्र कुणीच त्यांना समजावून सांगितलेलं नसतं.

(दृश्य : दोन चेतापेशींमधली फट)

ही फट मिलिमीटरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढी. भुकेल्या माणसापुढे पेज आली की इथे डोपामिन हे निरोप नेणारं रसायन सुटतं, समोरच्या पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं, निरोप पोचतो. मग वाहक प्रथिनं ते परत आत ओढून घेतात. कोकेन ही परतीची वाटच अडवतं, म्हणून डोपामिन फटीत साचतं. गर्दमधलं हेरॉइन वेगळ्या वाटेने जातं : डोपामिनच्या पेशींना आवर घालणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांनाच ते गप्प करतं.

रोजचा हा मारा सोसवेना, की पेशी ग्राहीच कमी करतात. व्यसनाच्या संशोधक नोरा व्होल्को यांनी कोकेनच्या आहारी गेलेल्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूतलं काम दाखवणारी चित्रं) काढले, त्यांत डोपामिनचे डी-२ नावाचे ग्राही कमी दिसले. घरात हे वेगळं दिसतं. चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला सगळं घर जमलंय, लहान पोरं फळं हातात देतायत, आणि हा कोपऱ्यात कोरडा बसलाय. आईला वाटतं, आता आम्ही ह्याला नकोसे झालो. तसं नसतं हो. साध्यासुध्या आनंदाचा निरोप मेंदूत पूर्वीसारखा उमटतच नाही.

आणि तो पूल? मेंदूचे संशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन डोपामिनच्या पेशींची नोंद घेतली. आधी रस मिळाला की पेशी उसळायच्या. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकडांना उमगलं, तेव्हा पेशी दिव्यालाच उसळू लागल्या. ह्या मुलाच्या मेंदूसाठी, गर्दकडे नेणारा हरमलचा रस्ता म्हणजे तो दिवा. औषधाने अंगदुखी थांबते, पण हे शिकलेलं पुसलं जात नाही.

मेंदू सावरतो, पण त्याला वेळ लागतो. व्होल्को यांच्याच २००१ च्या अभ्यासात मेथ (मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ) सोडून १२ ते १७ महिने झालेल्यांची वाहक प्रथिनं बरीचशी भरून आली होती. स्मरणशक्ती मात्र तितकी सुधारली नव्हती. महिनाभरात "बरा होऊन" यावा, ही अपेक्षा म्हणूनच त्याच्यावर अन्याय करते.

एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवायलाच हवी. काही आठवडे गर्द बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. तलफेच्या भरात पूर्वीएवढंच घेतलं, तर श्वास थांबू शकतो. पाय घसरला म्हणून त्याला रागाने घराबाहेर काढू नका, एकटं सोडू नका. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, तर लगेच १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते न लपवता सांगा. नॅलोक्झोन हे उताऱ्याचं औषध हेरॉइनला ग्राहींवरून हटवतं, पण ते वेळेत मिळायला हवं. पुढच्या उपचारांसाठी व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे : १४४४६.