टँकर, होज आणि मे महिन्यातली मीटिंग

(दृश्य: टँकरच्या मागच्या झडपेतून पाणी कोसळतंय)

हे पाणी बघा. जवळपास ३,००० गॅलन, म्हणजे ११ हजार लिटरच्या वर, आणि ते सगळं जमिनीवर उभ्या केलेल्या त्या घडीच्या टाकीत चाललंय. इथं हायड्रंट नाहीत. शहरात रस्त्याच्या कडेला हायड्रंट असतो, होज जोडला की पाणी सुरू, इथं मात्र पाणी स्वतःच घेऊन जायचं, ही टाकी उघडायची, एका टँकरनं ओतायचं, तोवर दुसऱ्यानं नदीवरून भरून यायचं आणि इंजिन, म्हणजे आग विझवायची पंपवाली गाडी, ह्या टाकीतलं पाणी ओढून पुढं होजला देत राहणार. एक टँकर गॅरेजमध्ये पडला असेल तर ही साखळी तुटते आणि पुढं होज धरून उभ्या असलेल्या माणसाला पाणी मिळत नाही. दुसरा टँकर असणार की नाही हे बजेटमध्ये ठरतं, म्हणून ह्या व्हिडिओत आपण बराच वेळ पैशांबद्दल बोलणार आहोत.

आपण आहोत अमेरिकेत, ओरेगन राज्यात, विलामेट व्हॅलीच्या कडेला. हिल्सबोरो-बीव्हरटनकडं आपली भरपूर मराठी मंडळी आहेत, तिथनं गाडीनं थोडं बाहेर पडलं की हेझलनटच्या बागा लागतात, गवताच्या बियाण्याची शेतं लागतात, आणि मग डग्लस फरचं जंगल. शहराची स्वतःची फायर ब्रिगेड असली तर ती शहराच्या हद्दीपर्यंत. त्याच्या पुढं लोकांनी मतदान करून स्वतःचं रूरल फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट उभं केलेलं असतं. त्याचं स्वतःचं निवडून आलेलं बोर्ड, बहुतेक ठिकाणी पाच डायरेक्टर, स्वतःचा प्रॉपर्टी टॅक्स, स्वतःचं बजेट. आग आणि इमर्जन्सी, एवढ्यापुरतंच सरकार.

(दृश्य: स्टेशनमधले लॉकर, कोटाच्या आतलं लेबल)

आता हे लेबल जवळून बघा. टर्नआउट कोट आणि पँट, म्हणजे आगीत घालायचे कपडे. ह्याच्यावर बनवल्याची तारीख असते आणि त्या तारखेपासून १० वर्षं झाली की एनएफपीएच्या, म्हणजे अग्निसुरक्षेचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या, नियमाप्रमाणे तो सेट बाद, मग तो अगदी नवा दिसत असला तरी. एका सेटला तीन-चार हजार डॉलर सहज जातात. पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचं तसंच, कार्बन फायबरच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण १५ वर्षं आणि दर ५ वर्षांनी त्याची प्रेशर टेस्ट. होज दरवर्षी टेस्ट होतात, इंजिनाचा पंप दरवर्षी टेस्ट होतो. तर ह्या स्टेशनमध्ये भिंतीवर, शेल्फवर, हुकवर जे जे दिसतंय त्या प्रत्येकाला एक शेवटची तारीख आहे, आणि चीफचं, म्हणजे इथल्या फायर प्रमुखाचं, प्लॅनिंग म्हणजे ह्या सगळ्या तारखा एका तक्त्यात मांडून कुठल्या वर्षी किती खर्च अंगावर येणार हे आधीच बघणं. दहा जणांचे कोट एकाच वर्षी घेतले असतील तर दहा वर्षांनी ते एकाच वर्षी बाद होणार, म्हणून दरवर्षी थोडे थोडे घ्यायचे. मला हा तक्ता बघताना खरंच खूप आदर वाटला.

आणि हे घालणारे बहुतेक व्हॉलंटिअर. अमेरिकेत दर तीन फायरफायटरमधले जवळपास दोन व्हॉलंटिअर आहेत. पगार नाही म्हणजे खर्च नाही असं लोकांना वाटतं, पण ट्रेनिंग, मेडिकल तपासणी, विमा, कपडे, रेडिओ हे सगळं माणशी लागतंच.

(दृश्य: इंजिन शेडबाहेर येतंय)

हे इंजिन. नवीन घ्यायचं तर किंमत आता दहा लाख डॉलरच्या घरात, आणि ऑर्डर दिल्यावर हातात यायला काही वर्षं जातात. एनएफपीए सांगतं की १५ वर्षं झालेली गाडी पहिल्या फळीतनं काढून राखीव ठेवा आणि २५ झाली की निरोप द्या. आता सोपा हिशोब करू. समजा गाडी १० लाखांची आणि आपण ती २० वर्षं वापरणार, तर वर्षाला ५० हजार डॉलर बाजूला पडले पाहिजेत. समजा टॅक्सचा दर हजार डॉलरमागं दीड डॉलर आहे आणि घराची सरकारी किंमत ३ लाख, तर त्या घराचे वर्षाला ४५० डॉलर येतात. म्हणजे एकशे अकरा घरांचा अख्खा टॅक्स फक्त एका इंजिनासाठी बाजूला, डिझेल नाही, पगार नाही, लाइटबिल नाही. हे पैसे रिझर्व्ह फंडात जातात. बजेट टाइट झालं की सगळ्यात आधी कात्री इथंच लागते, कारण ह्या वर्षी रिझर्व्हमध्ये पैसे टाकले नाहीत तर ह्या वर्षी कुणालाच काही जाणवत नाही.

मग टॅक्स वाढवा ना? तो वाढत नाही. १९९० मध्ये ओरेगनच्या मतदारांनी मेझर ५ नावाचा प्रस्ताव मतदानानं पास केला, त्यानं टॅक्सवर मर्यादा आली, आणि १९९७ च्या मेझर ५० नं प्रत्येक डिस्ट्रिक्टचा पर्मनंट रेट कायमचा गोठवला. बोर्ड तो वाढवू शकत नाही, मतदारही वाढवू शकत नाहीत. घराची टॅक्ससाठी धरलेली किंमत, नवीन बांधकाम वगैरे सोडलं तर, वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के वाढते. गाड्यांच्या किमती ३ टक्क्यांवर थांबत नाहीत. मुख्य मार्ग उरतो लोकल ऑप्शन लेव्हीचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या जादा टॅक्ससाठी लोकांकडं जाऊन मत मागायचं, रोजच्या खर्चासाठी जास्तीत जास्त ५ वर्षं आणि गाड्या-इमारतींसाठी १० वर्षं, आणि मुदत संपली की परत दारोदार. फेडरल ग्रँट आहेत, २० हजारांपर्यंत वस्ती असलेल्या डिस्ट्रिक्टला त्यात स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात, पण ग्रँट मिळेलच असं धरून बजेट करता येत नाही.

(दृश्य: शेडमध्ये मांडलेल्या घडीच्या खुर्च्या)

आणि ही मे महिन्यातली बजेटची मीटिंग. गाड्या बाहेर काढून शेडमध्येच टेबलं लावलीत. कायद्यानं बजेट कमिटीत जेवढे डायरेक्टर तेवढेच साधे मतदार बसतात, बोर्डाच्या माणसाइतकंच त्यांचं मत, ३ वर्षांची मुदत, मानधन शून्य. समोरच्या कागदावर बघा, डावीकडं मागच्या दोन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, मग चालू वर्षाचं बजेट, आणि उजवीकडं पुढच्या वर्षाचे तीन कॉलम, चीफनं मांडलेलं, कमिटीनं मान्य केलेलं, बोर्डानं पास केलेलं. कमिटीनं मान्य केल्यावर बोर्ड टॅक्सचा आकडा परस्पर वाढवू शकत नाही, त्यासाठी परत जाहीर नोटीस आणि सुनावणी. ३० जूनच्या आत बजेट पास झालं पाहिजे आणि १५ जुलैपर्यंत काउंटीच्या असेसरकडं, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, टॅक्सचा फॉर्म गेला पाहिजे.

ह्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त चर्चा एका ओळीवर झाली, आणि ती कॅमेऱ्यात नीट आली ह्याचा मला आनंद आहे. वर्ष सुरू होतं १ जुलैला. टॅक्सची बिलं निघतात ऑक्टोबरच्या शेवटी, भरायची तारीख १५ नोव्हेंबर. म्हणजे जुलै ते नोव्हेंबर नवीन टॅक्सचा पैसा जवळपास नाहीच, आणि ओरेगनचा वणव्याचा सीझन नेमका तेव्हाच. हे साडेचार महिने मागच्या वर्षीच्या शिल्लकेवर काढायचे. म्हणून बजेटमध्ये अशी रक्कम लिहून ठेवतात जिला वर्षभर, नैसर्गिक आपत्तीसारखं कारण सोडलं तर, हात लावता येत नाही. बाहेरच्याला वाटतं बँकेत एवढे पैसे पडलेत तर टॅक्स कशाला, पण ते पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमधलं डिझेल आहे.

(दृश्य: हायवे १२६, रस्त्याच्या दोन्ही बाजूला जळके बुंधे)

सप्टेंबर २०२०, ओरेगनमधलंच मॅकेन्झी नदीचं खोरं, होलिडे फार्म फायर नावाचा वणवा. १ लाख ७० हजार एकरांच्या वर जळालं, ब्लू रिव्हर गाव जवळपास सगळं गेलं, आणि घरं गेली की त्यांच्यावरचा टॅक्सही जातो.

(दृश्य: परत मीटिंग, मागच्या रिकाम्या रांगा)

ह्या खुर्च्या लोकांसाठी मांडल्या होत्या. कमिटीवर बसायला त्या डिस्ट्रिक्टचा मतदार असावं लागतं, आपल्यातले बरेच जण व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांना ते जमणार नाही, पण मीटिंग सगळ्यांना खुली असते आणि लोकांना प्रश्न विचारायची, मत मांडायची संधी कायद्यानं द्यावीच लागते. नोटीस आधी जाहीर होते, बजेटची कॉपी मागितली की मिळते. तुमचं घर फायर डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर टॅक्सच्या बिलावर त्याची वेगळी ओळ असते, आधी ती शोधा, तिथं तुमच्या डिस्ट्रिक्टचं नाव सापडेल, आणि मीटिंगला गेलात की पहिल्यांदा रिझर्व्ह फंडाचं पान उघडा आणि विचारा, ह्या वर्षी त्यात किती टाकले आणि पुढची गाडी कुठल्या वर्षी बाद होतेय.