शनिवारची गोळी

(दृश्य: स्टीलचा ट्रे. पांढरी डबी उपडी होते, गोळ्या घरंगळतात.)

तीस दिवसांपूर्वी ही डबी भरून घरी गेली होती. रोज एक, अशा 30 गोळ्या. आज ती रिकामी यायला हवी होती.

फार्मासिस्टचं बोट गोळ्या एकेक करून बाजूला सारतं. चार.

30 मधून 4 गेल्या, 26 उरल्या. 26 भागिले 30, म्हणजे 87 टक्के. एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, हा आकडा 95 च्या वर लागतो. महिन्यात एक गोळी चुकली तर तो 97 राहतो, दुसरी चुकली की 93 वर येतो. पांढऱ्या कार्डावर नोंद होते आणि माणूस समुपदेशनाच्या टेबलाकडे वळतो.

(दृश्य: समुपदेशनाचं टेबल. फक्त हात दिसतात. भिंतीवर कॅलेंडर.)

"कुठले दिवस चुकले?" मॅडम कॅलेंडर पुढे सरकवतात. बोट चारदा टेकतं. चारही शनिवार.

विसरल्या नव्हत्या त्या. मुद्दाम ठेवल्या होत्या. "घेतली होती ना मॅडम. दारूवर गोळी कशी घ्यायची?"

हे वाक्य केंद्रात काम करणाऱ्यांना पाठ आहे, आणि ते आलं कुठून तेही त्यांना ठाऊक आहे. 1 एप्रिल 2004 ला सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली. नेव्हिरॅपिन असलेल्या तेव्हाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घ्याव्या लागत, आणि नेव्हिरॅपिनने यकृताला सूज येऊ शकायची. पुढे झोपताना घ्यायची इफाव्हिरेन्झची गोळी आली. तिने गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, आणि वर दारू असेल तर उभं राहणं मुश्कील व्हायचं. त्या काळात "दोन्ही एकत्र नको" असं लोकांनी मनाशी पक्कं केलं, त्यात नवल नाही. पण 'एकत्र नको' यातून सोडायचं काय, तर बहुतेकांनी गोळी सोडली.

(दृश्य: तळहातावर एक गोळी, जवळून.)

आजची गोळी वेगळी आहे. टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन 300, डोल्युटेग्रॅव्हिर 50. तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कधीही. दारूबरोबर ही गोळी विषारी होत नाही. दारू यकृत खाते, झोप खाते, पगार खाते. ते नुकसान खरंच आहे आणि ते दारूचं आहे. त्यात गोळीचा खाडा घालून विषाणूला मोकळं रान द्यायचं कारण नाही. म्हणून या टेबलावर पहिलं वाक्य हेच असतं: दारू घेतली असली तरी गोळी घ्यायची. राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

(दृश्य: टेबलावर रिकामी क्वार्टर, बिअरची बाटली, मापाचं भांडं. भांड्यात पाणी ओतलं जातं.)

मग प्रश्न येतो, किती घेता? उत्तर जवळपास ठरलेलं असतं: "जास्त नाही, एक क्वार्टर."

क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. देशी असो वा इंग्लिश, लेबलवर बहुतेकदा 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे बाटलीत 77 मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल, वजनाने सुमारे 61 ग्रॅम. 10 ग्रॅमचं एक माप धरलं तर सहा मापं झाली. नव्वदीत तीन. 650 मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार. हातभट्टीचं माप काढता येत नाही, कारण तिच्यात काय आणि किती आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती तसल्याच दारूने.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी केंद्रांवर वापरता येते. तिचा तिसरा प्रश्न असा: एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं किती वेळा होतात? भांड्यातलं पाणी सहाव्या रेघेला लागतं तेव्हा 'एकच क्वार्टर' म्हणणारा माणूस स्वतःच गप्प होतो. दहा प्रश्नांचे 40 गुण. 8 किंवा जास्त आले की बोलणं पुढे न्यायचं, ओरडायचं मात्र नाही. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी "सोडली" म्हणतो, आणि डबीतल्या उरलेल्या गोळ्या घरीच काढून ठेवतो. मग मोजणीला अर्थ राहत नाही. तोंडाला वास येतो म्हणून गोळ्या अडवून परत पाठवणं तर त्याहून वाईट.

(दृश्य: सकाळ. गॅसवर चहा उकळतोय. मोबाइलचा गजर.)

सगळ्यात उपयोगाचा बदल साधा आहे. गोळी रात्रीवरून सकाळी आणायची. बैठक संध्याकाळी बसते. सकाळी आठला चहाबरोबर पोटात गेलेली गोळी शनिवारच्या हाती सापडत नाही. वेळ हलवताना दोन गोळ्यांमधलं अंतर वाढू द्यायचं नसतं. कशी हलवायची ते मॅडम लिहून देतात.

यातही एक खोच आहे. आदल्या रात्री घेतलेल्याला सकाळी पित्त होतं आणि हात अ‍ॅसिडिटीच्या जेलकडे जातो. त्या जेलमधलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच बांधून ठेवतं, ते रक्तात पुरेसं उतरत नाही. तेव्हा आधी गोळी, आणि जेल दोन तासांनी. जेल आधी घेतलं असेल तर गोळीला सहा तास थांबायचं.

(दृश्य: फार्मसीची खिडकी. दुसरी पट्टी हातात दिली जाते.)

दारूशी खरं भांडण आहे ते या पट्टीचं. आयसोनियाझिड 300 मिलिग्रॅम, टीबी होऊ नये म्हणून सहा महिने, सोबत बी-सिक्स जीवनसत्त्व. आयसोनियाझिड आणि दारू दोन्ही यकृतावरच पडतात, दोन्हींनी पायाला मुंग्या येतात. म्हणून ही पट्टी सुरू करण्याआधी दारूचं खरं उत्तर लागतं. भूक मेली, मळमळ थांबेना, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, की ही पट्टी थांबवून त्याच दिवशी केंद्रात यायचं. एआरटी मात्र मनाने बंद करायची नाही. ज्यांना हिपॅटायटिस बी पण आहे त्यांनी तर अजिबात नाही; टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन तो विषाणूही दाबून ठेवतात, आणि गोळी सुटली की तो उसळतो.

(दृश्य: वॉर्डातला पलंग, सलाइन, थरथरता हात.)

रोज दारू घेणाऱ्याने घरच्यांच्या शपथेवर एका रात्रीत बंद केली की हे होतं. पहिल्या दिवशी थरथर आणि घाम. एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (बी-वन जीवनसत्त्व) आणि झोपेच्या औषधांच्या उतरत्या मात्रेवर करायचं काम आहे. व्यसनमुक्तीसाठी हेल्पलाइन 14446, एचआयव्हीसाठी 1097.

गोळ्या चुकत राहिल्या तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, चढतो, विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, आणि जोडीदाराला लागण होण्याचा धोका परत येतो.

(दृश्य: नवी डबी, हिरवं पुस्तक, त्यावर तारखेचा शिक्का.)

पुस्तकात पुढची तारीख पडली. गोळीच्या वेळेसमोर 'रात्री 9' खोडून 'सकाळी 8' लिहिलंय. येताना डबी आणायची, गोळ्या उरल्या असतील तर त्यांच्यासकट.