जोव्हियल आणि सॅटर्नाइन

नमस्कार श्रोतेहो. कापूस वेचून घरी आलेल्या कास्तकार मंडळींना आणि पुस्तक उघडून बसलेल्या पोरापोरींना रामराम.

आज इंग्रजीतले दोन शब्द घेऊ. 'जोव्हियल' म्हणजे आनंदी आणि 'सॅटर्नाइन' म्हणजे उदास, एवढं सांगून डिक्शनरी मोकळी होते. पण दोघंही आपल्या ओळखीचे. जोव्ह म्हणजे ज्युपिटर, आपला गुरू. सॅटर्न म्हणजे शनी. गुरूच्या अमलाखाली जन्मलेला हसरा, शनीच्या अमलाखालचा घुम्या, असं युरोपातले जुने ज्योतिषी मानत.

जोव्हियल माणसाला एकट्यानं करमत नाही. पारावर चार जण जमवील, चहा सांगेल, दुसऱ्याच्या गोष्टीला स्वतःच आधी हसेल. मनातल्या मनात खूश असणारा तो जोव्हियल नव्हे. सॅटर्नाइन म्हणजेही नुसता रडका नव्हे. चेहरा गंभीर, बोलणं मोजकं, हसलाच तर ओठांच्या कोपऱ्यात. नापिकीनं खचलेल्या माणसाला मात्र हा शब्द लावू नका, पोरांनो. ते दुःख आहे. हा स्वभाव झाला.

शनीच्याच वाट्याला हे का आलं? जुन्या लोकांना ठाऊक असलेल्या ग्रहांत तो सगळ्यात मंद. गुरूची सूर्याभोवतीची फेरी सुमारे १२ वर्षांची, शनीची साडेएकोणतीस. एकेका राशीत अडीच वर्षं मुक्काम, अशा तीन राशींची मिळून आपली साडेसाती. मंद म्हणून थंड, थंड म्हणून जड. किमयागारांनी शिसं हा धातूही त्याच्याच नावावर केला.

मला गंमत वाटते ती वेगळीच. रोमन लोकांचा सॅटर्न मुळात पेरणीचा देव, हातात विळा घेतलेला. १७ डिसेंबरला त्याचा सण सुरू व्हायचा. शाळा, कोर्टकचेऱ्या बंद, आणि मालक गुलामांना पंगतीत बसवायचे, कुठे कुठे स्वतः वाढायचे. आपण पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, पुरणपोळी चारतो, तसंच काहीसं. फक्त तिथं जू माणसाच्या मानेवर होतं. एवढी मौज ज्याच्या नावानं चाले, त्याचंच नाव घुम्या माणसाला चिकटलं! ज्योतिष्यांनी आभाळ पाहिलं, वावर नाही पाहिलं.

परीक्षेत जोव्हियलचा विरुद्धार्थी शब्द विचारला, तर सॅटर्नाइन लिहा. स्पेलिंग अडलं तर सॅटर्डे आठवा, तो याच सॅटर्नचा वार. गुरुवार मात्र इंग्रजीत थॉर नावाच्या दुसऱ्याच देवाकडे गेला, तिथं जोव्ह शोधत बसू नका.